पहिलवान, पंच आणि यास्मिनची वही

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निरोप समारंभातसुद्धा बाकीचे किस्से सांगितले, हा गाळला.

सोलापूरच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो. शेवटच्या वर्षाच्या इंटर्नलला, म्हणजे आम्हीच मार्क देतो त्या परीक्षेला, विषय होता प्रादेशिक सत्ता. आपल्या भागातल्या इतर देशांवर ज्याचा प्रभाव चालतो, असा देश. मुलं ठरलेलं लिहायची: मोठं सैन्य, मोठी बाजारपेठ.

यास्मिनने लिहिलं होतं, ‘गल्ली ज्याला घाबरते तो पहिलवान. गल्ली ज्याच्याकडे भांडण घेऊन जाते तो पंच. ताकद दोघांकडे असते, पण शेजाऱ्यांनी मानलेला एकच. प्रादेशिक सत्ता पंचासारखी असते.’

मला शंका आली. मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी. हे तिचं असणं शक्य नाही.

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

“कुठल्या साइटवरून उचललंस?”

“साइट न्हाय ओ सर. आपाच्या वहीतनं अभ्यास केला. माझी मोठी बहीण, ती पण तुमच्याच वर्गात होती की.”

“म्हणजे उतरवलंस.”

“सर, ते तुमचंच हाय.”

“आता माझ्यावर ढकल!”

दुसऱ्या दिवशी तिने वही आणून टेबलावर ठेवली. मी ती उघडली नाही. पकडल्यावर सगळेच असे पुरावे आणतात, असं मनाशी म्हटलं आणि शून्य भरलं. इंटर्नलला वेगळं पास व्हावं लागतं. तिचा निकाल अडकणार, एम.ए.चा प्रवेश जाणार, हे मला माहीत होतं.

मार्क विद्यापीठाकडे गेल्यावर वही उघडली. वर माझं नाव. खाली पहिलवान, पंच, सगळं शब्दाला शब्द. शेवटी कंसात लिहिलेलं: ‘सर इथे हसले.’ तिच्या बहिणीच्या वर्गानंतर मी छापील नोट्स वाचून दाखवायला लागलो आणि स्वतःचंच वाक्य विसरलो.

विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, “मार्क बदलता येतील. लेखी कारण द्या. काय लिहिणार?”

मी म्हणालो, “राहू द्या.”

यास्मिनचं वर्ष गेलं. पुढे ती शिकली नाही.

परवा कळलं, ती नवी पेठेत कापडाच्या दुकानात असते. पिशवीत वही घालून गेलो. रंग गेलेल्या ड्रेसपीसवरून मालक आणि एक बाई तावातावाने भांडत होते. शेवटी दोघंही तिच्याकडे वळले. “यास्मिन, तूच सांग.” तिने कापड उजेडात धरलं. “शेठ, माल आपलाच खराब हाय. बदलून द्या.” मालकाने मुकाट्याने बदलून दिलं.

विभागात मुलं मला घाबरायची. त्याला मी मान समजत आलो.

तिने मला ओळखलं. “बोला सर. काय दाखवू?”

माझा हात पिशवीत, वहीवर होता.

“रुमाल,” मी म्हणालो.