जीवरामभाऊंना आधी माहीत होतं

असोद्यात कुणाकडे भरीत पार्टी असली की पहिला फोन आमच्या ह्यांना. "कुंदनभाऊ, वांगी आणून ठेवली, तुम्ही फक्त या." मग हे कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजणार, ठेचणार, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीची फोडणी देणार. खाणाऱ्या बाया विचारतात, "भाऊ, काय टाकलं हो यात?" हे मान खाली घालून हसतात. माझ्याकडे बघून असे हसलेले मला आठवत नाहीत. माझं माहेर शिंदखेड्याचं, पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही. त्या बायांचा मला राग यायचा आणि अजूनही येतो.

माणूस वाईट नाही. दिवसभर केळीच्या कापणीला जातात, व्यसन नाही, उलटून बोलणं नाही. सासूबाई म्हणायच्या, "मेघा, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." मिळाला होता हो, पण माझ्या वाट्याला येत नव्हता. लग्नाला वर्ष होत आलं तरी आमच्यात नवरा-बायकोसारखं काही झालं नव्हतं. सुरुवातीला एकदा जवळ आले, कळ आल्यासारखं तोंड केलं आणि उठून गेले. तेव्हापासून ह्यांची कंबर तरी दुखायची, नाहीतर बागेला पाणी तरी द्यायचं असायचं. माझ्यात काय कमी आहे म्हणून मी आरशात बघून बघून थकले. शेजारच्या तानुबाई माझ्या पोटाकडे बघून "काही नवीन?" विचारायच्या, ते वेगळंच.

मग गुरुवार सुरू झाले. इस्त्रीचा शर्ट घालून जळगावला जायचं, कशाला तर खत बघायला. खताची गोणी काही घरी आली नाही. न्हाणीघराची कडी लागली की निघता निघायची नाही. एकदा हे आत असताना ह्यांचा फोन वाजला, मी उचलला. बाईचा आवाज, गोड गोड. "कुंदन ना? गुरुवारी अकराला या, विसरू नका." मी तोंड उघडायच्या आत तिने ठेवूनही दिला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हटलं, ही बया एकदा डोळ्यांनी बघते आणि तशीच शिंदखेड्याची एसटी धरते. सवतीच्या हाताखाली राहायला मी जन्माला आलेली नाही.

गुरुवारी हे मोटारसायकलवर निघाले. मागच्या सीटवर जीवरामभाऊ, म्हणजे कापणीच्या टोळीतला ह्यांचा जिवाभावाचा दोस्त. हाही सामील आहे तर, मी मनात म्हटलं. रिक्षावाल्याला सांगितलं, ती मोटारसायकल नजरेआड होऊ द्यायची नाही. गाडी थांबली ती एका सर्जनच्या दवाखान्यापुढे. मी तरातरा आत गेले. समोर तोच गोड आवाज आणि आवाजाची मालकीण, केस पिकलेल्या, चष्मा नाकावर आलेल्या सुलक्षणा सिस्टर. मला बघून ह्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. सिस्टर मात्र खूश. "बायको का? बरं झालं आणलंत, डॉक्टर कधीचे सांगताहेत."

डॉक्टरांनी दोघांनाही आत बसवलं आणि सरळ बोलायला लागले. ह्यांच्या लघवीच्या जागेची पुढची कातडी घट्ट होती, मागे सरकत नव्हती. लहानपणी बहुतेकांची तशीच असते, वयात येईपर्यंत आपोआप सैल होते. काहींची होत नाही. लग्नानंतर ह्यांनी कुणाचं तरी ऐकून ती जोराने ओढली. ती फाटली, आणि भरून येताना आणखी कडक झाली. "साखर तपासली, ती ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी आधी मलम देतो. काही आठवडे लावायचं आणि हलक्या हाताने, दुखणार नाही इतकंच सरकवायचं. पुष्कळांना तेवढ्यानेच बरं वाटतं." ह्यांना मलमाने बरं वाटलं नव्हतं. आता ऑपरेशनच. छोटा छेद देऊन कातडी ठेवता येते, पण ह्यांची जाड झाली होती, म्हणून काढलेली बरी.

"म्हणजे सुंता," हे पुटपुटले. "टोळीबरोबर विहिरीवर आंघोळी होतात. लोक काय म्हणतील?"

"हा दुखण्याचा इलाज आहे," डॉक्टर म्हणाले. "लोकांचं लोकांपाशी. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

आणि ह्यांनी बघितलं कुठे? दाराकडे. दाराबाहेर बाकावर जीवरामभाऊ बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तठे काय देखतस?" दाराकडे बोट करून मी माहेरच्या अहिराणीत म्हटलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी आठे शे."

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "करू या."

ऑपरेशन झालं त्या दिवशी खाटेजवळ एकच खुर्ची होती. मी ती धरून बसले. जीवरामभाऊ नारळपाणी घेऊन आले, दारात घुटमळले. मी विचारलंच, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"वहिनी, लग्नाच्या पुढच्या आठवड्यापासून. माझंही असंच होतं ना. मी दिपमालाला सांगितलं, तिनेच मला इथे आणलं होतं. मलमावर भागलं माझं."

दिपमाला म्हणजे त्यांची बायको, गिरणीत माझ्यापुढे रांगेत उभी राहते. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं. माझ्या नवऱ्याने तिच्या नवऱ्याला सांगितलं. दुसरी बाई असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. इथे मी कुणाच्या धरणार?

जीवरामभाऊ गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "वर्षभर मी मेल्यासारखी जगले. त्यांना सांगता आलं, मला का नाही?"

हे छताकडे बघत म्हणाले, "जीवरामला सांगितलं तरी तो कुठे जाणार होता? तुला सांगितलं असतं तर तू शिंदखेड्याला गेली असतीस."

मी नारळपाण्याची नळी ह्यांच्या तोंडाला लावली. गेले असते की नसते, ते मलाही सांगता येईना. संध्याकाळी जीवरामभाऊ परत आले, तेव्हा मी त्यांना चहा दिला. खुर्ची दिली नाही.