मालकाला मत नाही

श्रीयुत चनबसप्पा उंबरगे, म्हणजे नळदुर्गच्या अडतबाजाराचे आणि आम्हां सर्वांचे आप्पा, यांचे प्रथम दर्शन मला घडले ते पाठमोरे आणि उकिडवे. मी नुकतीच वकिली आरंभिली होती आणि प्रतिष्ठेस अपरिहार्य म्हणून सोलापुराहून एक वयोवृद्ध मोटार आणली होती. ती भर बाजारात उभी करून मी जनतेच्या नमस्कारांची प्रतीक्षा करीत होतो. नमस्कार कोणी केला नाही. कपाळी विभूती लावलेले एक धिप्पाड गृहस्थ मात्र पुढच्या चाकापाशी बसले, चाक हलवून त्याला कान लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वकीलसाहेब, उन्हानं आरे सुकलेत. चाक कुरकुरायलंय. गाडी नदीत घाला."

"मोटार नदीत?"

"मग काय नदी मोटारीत घालता?"

आमच्या परिचयाचा हा मंगलारंभ.

जुन्या मोटारींच्या चाकांचे आरे लाकडी असतात, आणि आमच्या प्रांताच्या उन्हाळ्यात लाकूडच काय, वकीलही आक्रसतो. आरे सैल झाले की चाक कधी निखळेल याचा नेम नाही. उपाय एकच: चाके पाण्यात बुडवून रात्रभर फुगू द्यावी. म्हणून दर रविवारी सायंकाळी आम्ही मोटारी बोरी नदीच्या उथळ पाण्यात बैलांसारख्या उभ्या करतो. या विधीस मी 'चक्रावगाहन' असे नाव सुचविले. आप्पा त्याला 'चाकं भिजिवणं' म्हणतात. दीर्घ विचारविनिमयानंतर मंडळाने आप्पांचे नाव स्वीकारले.

हेच आमचे जुनी मोटार मंडळ. सभासद तीन: संस्थापक आप्पा, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, खात्यातून निवृत्त झालेले मुनीरसाहेब, आणि प्रस्तुत लेखक. आप्पांनी घालून दिलेले नियम दोन. पहिला: तिन्ही गाड्या एकाच कारखान्याच्या हव्यात. दुसरा: स्वतःच्या गाडीविषयी मालकाला मत नाही. रोजचा आवाज रोज ऐकून मालकाच्या कानाला तो ऐकू येईनासा होतो. सबब गाडी रस्त्यावर जाण्यास योग्य की नाही, हे उरलेल्या दोघांनी ठरवायचे. मालकाने गप्प बसायचे. वकिलाला हा नियम किती जाचतो, ते सुज्ञांनी जाणावे.

हा दुसरा नियम वाचकांनी ध्यानी धरावा. आप्पांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या तयारीत आज आमच्या मंडळात जो कलह पेटला आहे, तो याच नियमावरून. गेल्या दसऱ्यापासून आप्पांना खोकला आहे. दुकानापासून नदीपर्यंत येताना ते दोनदा थांबतात आणि किल्ल्याचे बुरूज न्याहाळत असल्याचा अभिनय करतात. हे बुरूज त्यांनी जन्मापासून पाहिले आहेत. डॉक्टरांचे नाव काढले की ते म्हणतात, "बेडा, बेडा!" कानडीतला नकार त्यांच्या मुखी आला की विषय संपला, असे समजण्याची या गावात रीत आहे. यंदा तो संपू द्यावयाचा नाही, असा माझा निर्धार आहे. कारण निवेदन करतो.

युद्धामुळे पेट्रोल कुपनांवर आणि सुटे भाग केवळ स्मरणात उरले होते, त्या काळातील वैशाखातली ही दुपार. माझी पत्नी सौ. इंदिरा हिचे बाळंतपण अडले. तान्हाबाई सुईण बाहेर आली आणि पदराने हात पुसत म्हणाली, "दादा, माझ्यानं न्हाय व्हायचं आता. सोलापूर गाठा. बसू नगा."

मुनीरसाहेबांची गाडी दोघांपुरती. तीत कोणी आडवे निजू शकत नव्हते. आप्पांचे इंजिन उघडून ओट्यावर मांडलेले. उरली माझी; ती बाळंतपणाच्या धांदलीत या रविवारी नदीवर गेलीच नव्हती. मी ती दाराशी आणली, इंदिरेला मागे निजविले, आणि आप्पा पुढे आडवे उभे राहिले.

"गाडी न्हाय जायाची."

"आप्पा, बाजूला व्हा!"

"पुढची दोन्ही चाकं ऐका की. उतारावर निखळतील."

"काही झालेलं नाही! हा आवाज नेहमीचाच आहे!"

"तुमाला मत न्हाय. मुनीरसाहेब, तुमी सांगा."

मुनीरसाहेबांनी चाक हलविले. त्यांचा चेहरा उतरला. "वकीलसाब, आप्पा सच बोलरैं. नक्को."

गाडीत इंदिरा ओठ चावून कण्हत होती. तिचे बंधू आप्पांवर धावून गेले. चाके भिजवायची तर रात्र हवी; आमच्यापाशी घटका नव्हती. त्या क्षणी हा मनुष्य माझ्या घरावर काळ होऊन उभा आहे, असेच मला वाटले, आणि तसे मी शुद्ध मराठीत बोललोही.

आप्पा जॅक घेऊन स्वतःच्या गाडीपाशी गेले. ज्या गाडीचा हॉर्नदेखील ते दुसऱ्याला वाजवू देत नसत, तिची कालच नदीतून निघालेली दोन घट्ट चाके त्यांनी काढली आणि माझ्या गाडीला चढविली. ज्या पहिल्या नियमाची मी यथेच्छ टिंगल केली होती, त्या नियमामुळे ती बसली. मग ते चालकाच्या जागी बसले. "तुमी मागं बसा. त्यांचा हात धरा."

मुनीरसाहेब आपल्या गाडीतून पुढे सुटले होते, संस्थानच्या सरहद्दीवरचा करोडगिरीचा नाका मोकळा करायला. आम्ही पोहोचलो तेव्हा आडवा दांडा तसाच होता. नवा कारकून त्यांना ओळखत नव्हता, आणि निवृत्त अधिकारी भर उन्हात उर्दूतल्या सर्व उपाध्यांनिशी गर्जत होते.

"उतरो सब! सामान देखना पडता!" कारकून आमच्याकडे वळला.

आप्पांनी इंजिन बंद केले नाही. ते शांतपणे म्हणाले, "मियाँ, सामान अजून आलंच न्हाय. तेच आणाया चाललाव. करोडगिरी परतताना घ्या."

मागून इंदिरेची किंकाळी आली. कारकुनाने आत डोकावले, आणि दांडा हाताने उचलण्याऐवजी खांद्यानेच उचलला.

त्यापुढचा रस्ता मला आठवत नाही. आठवतो तो आप्पांचा कान, गाडीच्या बाहेर कललेला, प्रत्येक चाकाचा श्वास ऐकणारा. उतारावर ते इतके सावकाश गेले की मी ओरडलो. सपाटीवर इतके वेगाने, की ओरडायला उसंत मिळाली नाही. दवाखान्यातील डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी एकीचीही हमी नव्हती. दोघी वाचल्या.

काही दिवसांनी परतताना नाक्यावर तोच कारकून उभा होता. "सोलापूरसे क्या माल लाए?"

आप्पांनी माझी मुलगी दोन्ही हातांवर उचलून धरली. "ह्यो. सांगा महसूल."

त्याने गंभीरपणे निरखून पाहिले. "हौ, ये तो यहींका माल है. बाहर जाको वापस आया. माफ!"

ती चाके आजही माझ्याच गाडीला आहेत. माझी कुरकुरी चाके आप्पांनी भिजवून भिजवून स्वतःच्या गाडीला लावली. मी परत देऊ केली, तर म्हणाले, "राहू द्या. आता त्येंना तुमच्या घरचा रस्ता पाठ झालाय." मंडळात येऊन लाभ काय, असे तरुण विचारतात. लाभ हाच, की तुमचे चाक निखळण्यापूर्वी तुमच्या दारात आडवा उभा राहणारा मनुष्य मिळतो.

आता त्या कलहाविषयी. गेल्या रविवारी नदीकाठी मी विषय काढला. आप्पा खोकले, बुरुजाकडे बघू लागले आणि म्हणाले, "मला काय धाड भरलीय? ह्यो आवाज नेहमीचाच हाय."

मुनीरसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मुनीरसाहेबांकडे पाहिले. पाण्यात पाय सोडून बसलेली माझी पाच वर्षांची कन्या म्हणाली, "आप्पा, तुमाला मत न्हाय."

ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी प्रातःकाळी गाडी सोलापूरच्या दवाखान्याकडे निघेल. मी चालवीन, आप्पा मागे बसतील, त्यांचा हात माझी मुलगी धरील. चाके त्यांचीच आहेत. ती रस्ता विसरलेली नाहीत. आप्पांना उदंड आणि निरामय आयुष्य लाभावे, ही आम्हां सर्वांची कामना आहे. आणि ती नुसती कामना राहू नये म्हणून मी टाकी भरून ठेवली आहे.