नकाशावर सरकलेलं बोट

सत्तरच्या दशकातल्या एका रविवारी बोर धरणाचा तलाव बघायला सायकलवर निघालो आणि सेलूच्या पुढे परक्या शेताच्या धुऱ्यावर बसून भलामोठा नकाशा उघडला, ही माझी चूक. त्या वर्षी तिकडे कालव्याची मोजणी चालू होती. नकाशावाला माणूस दिसला की कुणाची तरी जमीन जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

कपाशीतून एक म्हातारी आली. कमरेच्या ओटीतल्या कापसासकट माझ्यासमोर बसली आणि गडव्यातलं ताक पेल्यात ओतून पुढे केलं. मग नकाशावरच्या निळ्या रेघेवर बोट टेकवून तिनं ते हळूहळू बाजूला सरकवलं, जणू रेघही सोबत सरकणार होती.

"सायब, लाईन इकडून नाई नेता येत का जी? मले एवढंच वावर हाय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला साहेब म्हटलं होतं. ती रेघ साध्या नाल्याची आहे हे सांगायचं सोडून मी चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणालो, "बघू."

तिनं लगेच पेला पुन्हा भरला. भरताना तिची नजर माझ्या तोंडावरून हलेना, त्यात निम्मं ताक नकाशावर सांडलं. मग मात्र माझी साहेबी टिकेना. म्हटलं, "आजी, तुमच्या वावराला काही होत नाही. मी साहेब नाही. तलाव शोधतोय, सकाळपासून वाट चुकलोय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या हातातला पेला काढून घेतला.

"म्हंजे रिकामटेकडा होय तू! अन् मी घरच्या माह्या बुढ्याच्या वाटणीचं ताक तुले पाजून राह्यली!"