चिंचेने उजळलेली देवी

भाजीची पाटी रिकामी झाली की काशी माझ्याकडे पाणी प्यायला येते. पडघ्यापलीकडच्या गावातून ती धामणकर नाक्यावर भाजी आणते. तिची मुलगी नेत्रा माझ्या वर्गात होती, तेव्हापासूनची ओळख. बोलणं तिखट, हात मात्र लख्ख. चुलीवरचं पातेलंही तिला काळं चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने पदराच्या गाठीतून एक जाड, हिरवट, मातीने माखलेलं नाणं काढलं. गावदेवीच्या माळावर गोदामासाठी खड्डे घेत होते, तिथे तिला ते सापडलं होतं. माळ विकला होता तिच्या दिराने, केसरीनाथने.

"देवीला इचारलं न्हाय, तर मला काय इचारतोय," काशी म्हणाली.

नाण्यावर एकीकडे राजाचा चेहरा होता, दुसरीकडे हातात तराजू घेऊन उभी असलेली बाई.

"ही पण भाजी इकते काय, बाई?"

संग्रहालयात नोकरी करणारा नारपोलीचा सुगत माझाच विद्यार्थी. त्याला मी फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. नाणं रोमन, काशाचं. तराजूवाली त्यांची एक्विटास, रास्त मापाची देवी.

"मॅडम, नाणं घासू देऊ नका. चिकटलेल्या मातीवरून ते त्याच माळात पुरलेलं होतं, हे दाखवता येईल. मग तपासणी होईपर्यंत खोदकाम थांबवायला सांगता येईल."

काशीला मी हे सगळं दोनदा समजावलं. ती मान हलवत ऐकत होती. गावदेवीचा दगड जागचा हलणार नाही, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सुगत माझ्या घरी आला. काशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तिने रुमाल उलगडला. नाणं सोन्यासारखं चमकत होतं. चिंच आणि राखेने घासलेलं. तराजूवालीचे नाकडोळे बोथट झाले होते. शेजारी कागदाची एक पुडी होती.

"माती राखा म्हणालेलात ना? ही बगा, सगळी राखलीय. कणबी टाकला न्हाय. देव घराबाहेर काढायचा तर उजळूनच काढायचा. तोंडावर माती घेऊन देवीला सायबापुढं कशी आणू?"

सुगतने पुडी उघडली, पुन्हा मिटली. तो शांतपणे म्हणाला, "काशीताई, आता ही माती कुठलीही असू शकते. नाणं बाजारातून आणलेलं, असंही गोदामवाले म्हणतील."

"मी खोटं बोलंन?"

"तुम्ही नाही. पण ते मानणार नाहीत."

काशीने नाणं रुमालात बांधलं. चहा घेतला नाही.

महिन्याभरात माळ सपाट झाला. आज तिथे ट्रक उभे असतात. गावदेवीचा दगड वॉचमनच्या केबिनमागे, संडासाच्या भिंतीला टेकवलेला आहे. केसरीनाथ म्हणतो, जागा दिली हेच खूप.

काशी अजून येते. परवा मी नाण्याचं विचारलं.

"हाय देव्हाऱ्यात. काळं पडलंय." ती पाणी प्यायली. "बाकीचे देवबी काळेच हायेत. दसऱ्यालाबी घासले न्हाय."

मग तिने माझा तांब्या मोरीवर नेला आणि राखेने लख्ख घासून पालथा घातला.