किंकाळीबाईचा सराव

स्टुडिओतले सगळे तिला किंकाळीबाई म्हणायचे. व्हिडिओ गेममध्ये गोळी लागो, सुरी लागो, बाई मेली की शेवटचा आवाज हिचाच. एकेकाळी रंगभूमीवर राणी व्हायला निघालेली ही बाई आता काचेच्या खोलीत माइकपुढे उभी राहून दिवसभर मरायची आणि मधल्या सुट्टीत गरम पाण्याने घसा शेकायची.

घरी मात्र कडक शिस्त. "असले गेम खेळून पोरांची मनं दगड होतात हो," असं ती शेजारणींना ठासून सांगायची. लेकीच्या हाती तिने एकही गेम पडू दिला नाही. पोरीचं मन कसं फुलासारखं राहायला हवं! सराव तेवढा घरी करावा लागे, पण त्याला काय, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं की झालं. पलीकडे लेक गृहपाठ करायची आणि अलीकडे आई कधी भाजून, कधी बुडून, कधी कड्यावरून कोसळून मरायची. "वाचवा!" आणि "मेले गं!" तर रोजचेच.

एका संध्याकाळी सराव आटपून ती भोपळा चिरायला लागली. दार उघडायचं राहूनच गेलं. सुरी सटकली ती थेट तळहातात घुसली. ओट्यावर रक्ताची धार लागली. बाई जिवाच्या आकांताने ओरडली, "धाव गं! मेले मी!"

दाराआडून लेकीचा शांत आवाज आला, "छान जमलीय, आई. पण कालची जास्त खरी वाटली."