गुलाबी शर्ट

१९९१ साली मी तेहतीस वर्षांचा, कुंभवलीला रंगाच्या कारखान्यात कामाला. आज पेटी आवरताना गुलाबी शर्ट हाती लागला आणि तेव्हाची संध्याकाळ आठवली.

कारखान्याचे कपडे वेगळे भिजवा, बायको रोज सांगायची. त्या संध्याकाळी मी हट्टाने ते लेकीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टासोबतच भिजवले. तिचा एकुलता एक शर्ट गुलाबी झाला.

"मी शाळेत नाय जाणार. पोरी हसतील," लेक रडायला लागली.

"सांगा आता तिला, तुमीच रंगवलाय," बायको म्हणाली.

चूक झाली, हे मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण माझी शाळा चौथीत सुटलेली. तिची सुटू देणार नव्हतो. लग्नातला माझा पांढरा शर्ट काढला आणि त्याच पाण्यात बुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुलाबी झालेला शर्ट घालून, तिलाही तिचा घालून, तिचं बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत गेलो.