मावशींनी पकडलेला चिवट्या

त्या इस्पितळात मावशी पुष्कळ होत्या. फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या सगळ्याच बायकांना तिथं मावशी म्हणायची पद्धत होती. पण दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात "मावशींना बोलवा" असं नुसतं म्हटलं, तरी "कोणत्या?" असं कुणी विचारत नसे. बुटकी मूर्ती, तुरुतुरु चालणं, अंगात निळा कोट आणि पहिल्या खाटेपासून विसाव्या खाटेपर्यंत पोचणारा आवाज. सव्वीस वर्षं त्या त्याच वॉर्डात होत्या. या काळात तीन सिस्टर बदलल्या, खाटा बदलल्या, भिंतींचा रंग दोनदा बदलला. मावशी होत्या तिथंच होत्या.

त्यांची खरी ख्याती होती नाकाची. जखमेची पट्टी सोडायच्या आधीच त्या सांगत, "सिस्टर, ही बिघडतेय, बघा." आणि ती बिघडलेलीच निघायची. सिस्टर गमतीनं म्हणत, "मावशींचं नाक ही आमची दुसरी लॅब. रिपोर्टही लगेच मिळतो."

एका वर्षी थंडीत वॉर्ड काठोकाठ भरला होता. न्यूमोनियाचे म्हातारे, घसरून पडून हाड मोडलेले म्हातारे. त्यात खुब्याचं ऑपरेशन झालेला एक घड्याळजी होता. उद्या घरी जायचं म्हणून सकाळीच दाढी करून बसला आणि दुपारपासून त्याला जुलाब लागले. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. इस्पितळात असं होतंच. दोन दिवसांनी त्याच्यासमोरचा निवृत्त पोस्टमन आडवा झाला. मग आणखी एक. पंधरा दिवसांत पाच जण. दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा. माणसं अक्षरशः चिपाडासारखी झाली.

सगळ्यांनी बोट दाखवलं स्वयंपाकघराकडे. पाण्याची टाकी धुतली, दूध बंद केलं, मुख्य आचाऱ्याला वर बोलावून चारचौघांत फैलावर घेतलं. बिचारा जिन्यात उभा राहून मावशींना म्हणाला, "अहो, माझी पोरंही हेच जेवतात. मी विष कालवीन का?"

 मावशींचंही मन स्वयंपाकघराला दोष द्यायला धजत नव्हतं. त्याला कारण होते नऊ नंबरच्या खाटेवरचे गुरुजी.

गुरुजींनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. न्यूमोनिया होऊन आले होते. ताप उतरल्यावर त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि रोज सकाळी मावशी फरशी पुसायला आल्या, की प्रश्न ठरलेला. "मावशी, सांगा पाहू, जगातली सगळ्यात मोठी नदी कोणती?"

"आधी मोरी धुऊ द्या गुरुजी, नदीचं मग बघू."

गुरुजी खो-खो हसायचे आणि हसता हसता खोकायचे. त्यांची बायको दोन्ही वेळा घरून डबा आणायची. पाणीसुद्धा घरून उकळून आणायची. इस्पितळातला एक घास त्यांच्या तोंडात गेला नव्हता. आणि गुरुजी आल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी मावशी त्यांच्या खाटेपाशी आल्या, तेव्हा गुरुजींनी नदी विचारली नाही. पोट धरून, भिंतीकडे तोंड करून पडले होते. पांघरूण बदलताना मावशींना तोच वास आला. गेले पंधरा दिवस तोच.

त्या तडक सिस्टरांकडे गेल्या. "सिस्टर, गुरुजींनाही लागलेत. ते तर इथलं काही खात नाहीत."

सिस्टरांच्या एका हातात इंजेक्शन, दुसऱ्या हातात फोन. "मावशी, डॉक्टर बघतील ना. मला आत्ता श्वास घ्यायला फुरसत नाही हो."

त्या दिवशी चादरी बदलता बदलता मावशी बोटांवर मोजत राहिल्या. सहा माणसं. बायकांच्या वॉर्डात जेवण याच स्वयंपाकघरातून जातं, तिथं एकीचंही पोट बिघडलं नाही. म्हणजे जेवण नव्हे. मग या सहांत सारखं काय? एक तर सहाही जणांना जालीम अँटिबायोटिक चालू होतं. रिकाम्या बाटल्या मावशीच गोळा करत, लाल टोपणाची बाटली त्यांच्या ओळखीची होती. आणि दुसरं, सहांपैकी एकालाही संडासापर्यंत चालवत नव्हतं. त्यांच्यासाठी वॉर्डात चाकांची, मधे भोक असलेली एकच खुर्ची होती. दहा नंबरच्या सुताराला लाल टोपणाची बाटली चालू नव्हती, आणि तो स्वतःच्या पायांनी संडासात जायचा. गुरुजींच्या हाताच्या अंतरावर राहूनही तो ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी थोरले डॉक्टर राउंडला आले. मागं शिकाऊ डॉक्टरांची रांग. मावशी बादली बाजूला ठेवून वाटेत उभ्या राहिल्या.

"साहेब, दोन मिनिटं."

रांगेतला एक जण खुदकन हसला. थोरल्या डॉक्टरांनी मागं वळून पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. "बोला मावशी."

मावशींनी खुर्चीपासून बाटल्यांपर्यंत सगळं सांगितलं. एक खाट चुकली नाही. डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "वास कसा आहे?"

"नेहमीच्या जुलाबाचा नाही. तबेल्यातलं गवत ओलं होऊन कुजलं की येतो ना, तसा. जरा गोडसर."

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी हलली. ते सिस्टरांना म्हणाले, "सगळ्यांचे नमुने आजच पाठवा. साधी तपासणी नको. कोणती करायची ते मी लिहून देतो."

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. सहांपैकी पाच जणांच्या पोटात एकच जंतू. नाव इतकं लांबलचक, की मावशींनी दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. डॉक्टरांनी वॉर्डातल्या सगळ्यांना जेवणाच्या खोलीत जमवलं आणि सोप्या भाषेत समजावलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू सुखानं नांदत असतात. ते असतात म्हणून वाईट जंतूंना तिथं पाय ठेवायला जागा मिळत नाही. जालीम अँटिबायोटिक दिलं, की छातीतले शत्रू मरतात, पण पोटातले हे भले रहिवासीही घरं सोडतात. मग हा एक जण त्या रिकाम्या घरांत घुसतो आणि विष सोडतो.

"आणि हा महाचिवट आहे," डॉक्टर म्हणाले. "बाहेर पडला की स्वतःभोवती टणक कवच करून महिनेन् महिने बसून राहतो. हाताला चोळायच्या बाटलीतल्या औषधानं मरत नाही. आपल्या फिनेललाही दाद देत नाही. हातावरून तो साबण आणि वाहत्या पाण्यानंच जातो, आणि खुर्ची-खाटांवर ब्लीचचं पाणीच लागतं."

ऐकता ऐकता मावशींचा चेहरा उतरत गेला. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, ती खुर्ची मी रोज फिनेलनं पुसत होते. आणि त्याच फडक्यानं खाटांचे दांडे, टेबलं. म्हणजे हे मीच घरोघर वाटत फिरले."

 त्याच सकाळी पोस्टमन गेला होता. त्याच्या अंगाखालची शेवटची चादर मावशींनीच काढली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, फडकं तुमचं होतं. पण ती घरं रिकामी कुणी करून दिली? गुरुजींचा ताप पाचव्या दिवशी उतरला. तेव्हाच औषध आवरतं घ्यायला हवं होतं. मी दहाव्या दिवसापर्यंत चालू ठेवलं. का? तर असू दे म्हणून." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "हे 'असू दे' माझं आहे. तुम्ही निदान उभ्या राहून बोललात."

त्या दिवशी मावशी घरी आल्या आणि जेवायला बसल्याच नाहीत. त्यांचा नवरा शिंपी. घरातल्याच पुढच्या खोलीत मशीन चालवायचा. तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे माणूस मुळातच कमी बोलणारा. त्यानं मशीन थांबवलं, टाचण्या काढून ठेवल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुला ठाऊक असतं तर त्या फडक्यानं पुसलं असतंस का?"

"काहीतरीच काय विचारता!"

"मग आता ठाऊक झालंय," तो म्हणाला आणि ताट वाढून त्यानं त्यांच्यापुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी जी कंबर कसली, ती वॉर्डानं कधी पाहिली नव्हती. आजाऱ्यांना कडेच्या दोन खोल्यांत हलवलं, प्रत्येकाला वेगळी खुर्ची. वेगळ्या रंगाची फडकी, वेगळी बादली, ब्लीचचं पाणी मापानं आणि ताजं. दाराशेजारच्या नळापाशी साबण. "चिवट्या" हे त्या जंतूचं नाव त्यांनीच ठेवलं, आणि आठवड्याभरात डॉक्टरसुद्धा राउंडमध्ये "आज चिवट्याचे किती?" असं विचारू लागले.

एकदा हाडांचे मोठे सर्जन घाईघाईनं कडेच्या खोलीतून बाहेर आले आणि भिंतीवरच्या बाटलीतलं औषध हाताला चोळून पुढं निघाले. मावशी आडव्या झाल्या.

"साहेब, त्या बाटलीला चिवट्या भीक घालत नाही. नळ इकडे आहे."

सर्जनांचा पारा चढला. "आता हात कसे धुवायचे ते तुम्ही शिकवणार मला?"

मावशींनी वाट सोडली नाही. तेवढ्यात थोरले डॉक्टर त्याच खोलीतून बाहेर आले. सरळ नळाशी गेले, बाह्या सारल्या आणि बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून सावकाश साबण फिरवत राहिले. सर्जनांनी पाहिलं. मग त्यांच्यामागं नळाशी उभे राहिले.

गुरुजींचं जालीम औषध बंद झालं होतं आणि दुसरं एक तोंडानं सुरू झालं होतं. गुरुजींची बायको काळजीनं म्हणाली, "औषधानं झालं आणि पुन्हा औषधच?"

"ते सगळ्या अंगभर फिरणारं होतं," मावशींनी डॉक्टरांचं ऐकलेलं सांगितलं. "हे आतड्यातच राहतं आणि चिवट्याला गाठतं."

आठवड्यात गुरुजी सुधारले, घरी गेले. आणि तीन आठवड्यांनी स्ट्रेचरवरून परत आले. पुन्हा तेच.  आपल्याच हातून काही राहिलं असेल, या धास्तीनं मावशींनी त्यांची खोली एका दिवसात दोनदा धुतली. डॉक्टर म्हणाले, "हा काही जणांत उलटतोच, मावशी. तुमची चूक नाही." या वेळी औषध जास्त दिवस चाललं, हळूहळू कमी करत नेलं. पंधराव्या दिवशी सकाळी मावशी फडकं घेऊन आत शिरल्या, तर गुरुजी उशीला टेकून बसलेले.

"मावशी, जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट कोणतं?"

मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "महिनाभर ओसाड पडलं होतं ते तुमचं पोट."

त्यानंतर दोन महिन्यांत वॉर्डात चिवट्याचा नवा रोगी आला नाही. थोरल्या डॉक्टरांनी नियम केला, की अँटिबायोटिक सुरू करताना कशासाठी आणि किती दिवस ते कागदावर लिहायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचार करायचा. तारखेला कुणी विसरलं, तर मावशी खाटेखालची फरशी पुसता पुसता सहज म्हणायच्या, "आज तिसरा दिवस ना हो या आजोबांचा?" शिकाऊ डॉक्टर आधी दचकायचे, मग कागद शोधायचे.

मावशींचं घरही यातून सुटलं नाही. शिंप्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात कधीकाळच्या उरलेल्या कॅप्सूल. सर्दी झाली की लाल-पिवळी एक, दाढ दुखली की दोन. मावशींनी तो डबा उचलून इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर नेऊन दिला. शेजारणीच्या नातीला जुलाब झाले आणि ती त्यातलीच गोळी मागायला आली, तेव्हा मावशींनी उकळून गार केलेल्या पाण्यात मापानं साखर-मीठ घालून चमच्याचमच्यानं पाजायला लावलं आणि बजावलं, "रक्त पडलं, ताप चढला, लघवी थांबली, पोर मलूल झाली, तर क्षणभर थांबू नकोस, थेट डॉक्टर." पोर दोन दिवसांत खेळायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात शिंप्याच्या बोटात मशीनची सुई घुसली. चौथ्या दिवशी बोट टम्म सुजलं आणि मनगटापासून वर एक लाल रेघ चढू लागली. मावशींनी ती पाहिली मात्र, हातातली भाजी तशीच टाकून त्याला डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. परतीच्या वाटेवर शिंपी म्हणाला, "डबा नेऊन दिलास तेव्हा तर हे औषध वाईट होतं."

"वाईट कोण म्हणालं? तेव्हा नको होतं, आता हवंय. आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचं."

त्यानं घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ मावशी पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या, गोळी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रेघ उतरली, आठव्या दिवशी तो मशीनवर बसला. आणि मावशी आपल्या वेळेला, निळा कोट हातावर टाकून, तुरुतुरु कामावर गेल्या.